अध्यक्षांच्या मापाची खुर्ची

साहेबांची खुर्ची आणि तिच्यासमोरची, भेटायला येणाऱ्यांची खुर्ची, यांच्या उंचीत पूर्वी दीड बोटाचा फरक असे. हा फरक टेंडरमध्ये लिहिलेला नसे. खुर्च्या ऑफिसात पोचल्या की थोड्या दिवसांनी तिथला शिपाई सायकलवरून इंदूरच्या परदेशीपुऱ्यात आमच्या कारखान्यात येई आणि इकडेतिकडे बघत सांगे, की साहेबांना समोरच्या खुर्च्यांचे पाय जरासे कापून हवेत. माझे सासरे कारण विचारत नसत. माणूस आणि करवत पाठवून देत. मी सगळी नोकरी सरकारी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवण्यात घालवली, सत्तेच्या व्याख्या हिंदीतून मुलांकडून पाठ करून घेतल्या. पण दीड बोटाइतकी नेमकी व्याख्या मला एकाही पुस्तकात सापडली नाही.

सासऱ्यांचे वडील संस्थानच्या कचेरीत कारकून होते. खुर्चीत बसणाऱ्यांच्या घरात खुर्च्या करणारा निघाला, याचं नातेवाइकांना बरीच वर्षं वाईट वाटत असे. सासऱ्यांना वाटत नसे. सरकारी ऑफिसं, शाळा, कोर्टाच्या आवारातल्या वकिलांच्या खोल्या, सगळीकडे त्यांच्या सागवानी खुर्च्या होत्या आणि त्या मोडत नव्हत्या. धंद्याच्या दृष्टीनं हा दोषच म्हणायचा. एकदा घेतलेली खुर्ची गिऱ्हाईक निवृत्त झालं तरी ऑफिसात तशीच राही.

साध्या खुर्च्या एकाच मापाच्या होत. पण कोणाची खास खुर्ची करायची असली तर आमच्याकडे एक रीत होती. कारखान्यात एक बुटका चौरंग होता आणि त्याच्यासोबत पातळ, गुळगुळीत फळ्यांची एक चळत. गिऱ्हाइकाला चपला-बूट काढून चौरंगावर बसवायचं आणि त्याच्या बैठकीखाली एकेक फळी सरकवत जायचं. टाच जमिनीला पूर्ण टेकली पाहिजे, मांडी सपाट राहिली पाहिजे आणि गुडघ्याच्या अलीकडे मांडीखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. हे तिन्ही जमलं की थांबायचं. चौरंगासकट फळ्यांची जी उंची भरेल ती त्या माणसाची खुर्ची. मोठमोठे अधिकारी मोजे घालून त्या चौरंगावर बसून गेलेले आहेत. मोज्यातला अधिकारी हे दृश्य प्रत्येक नागरिकानं एकदा तरी पाहावं, असं माझं मत आहे.

माझ्या नवऱ्यानं वडिलांकडून चौरंग घेतला, करवत घेतली नाही. (समोरासमोर मी त्याला अहो म्हणते. कागदावर मी जरा धीट असते.) त्याचं म्हणणं, खुर्ची ही बसण्याची वस्तू आहे, तिच्यात दुसरं काही मिसळू नये. पाय कापून मागणारे फोन आले की तो सांगे, आमच्याकडे होत नाही. सासरे तेव्हा हयात होते. ते नुसतं हसायचे. आपला मुलगा आपल्यापेक्षा चांगला कारागीर आहे आणि त्याला दुकानदारी येत नाही, हे दोन्ही त्यांना एकदमच कळलं असावं.

मग दिवस बदलले, म्हणजे आमचे फिरले. खाली दट्ट्या दाबला की वर जाणारी, चाकांवर पळणारी, पाठीला जाळी असलेली खुर्ची आली. ती कोणाच्याच मापाची नव्हती, म्हणून सगळ्यांना चालली. लोक कॅटलॉग बघून घेऊ लागले, मग फोनवर बघून घेऊ लागले. सागवानाची जागा प्लायवुडनं घेतली, प्लायवुडची भुशाच्या दाबलेल्या पाट्यांनी. आमच्या कारखान्यात भुसा झाडून बाहेर टाकत. आता त्याचंच फर्निचर होत होतं. कारागीर एकेक करून मॉड्युलर किचन बसवायला गेले. राहिले ते आमचे मोठे मिस्त्री, जे सांवेरकडच्या गावाहून रोज मोटारसायकलवर येत, आणि त्यांच्या हाताखालचे दोघं-तिघं.

कारखान्याच्या शेडला गिऱ्हाईक होतं. ऑनलाइन सामान पोचवणाऱ्या एका कंपनीला गोदाम हवं होतं आणि त्यांचा माणूस अधूनमधून येऊन, चहा पिऊन, छताकडे बघून जायचा. बंगळूरचा मुलगा दर रविवारी फोनवर तेच सांगे, बाबा, देऊन टाका. नवरा म्हणे, बघू. तेवढ्यात बायपासकडच्या एका खाजगी विद्यापीठाचं काम निघालं. नवी प्रशासकीय इमारत, तिच्यात सभागृह, आणि अध्यक्षांना म्हणे सगळं फर्निचर ‘ट्रेडिशनल’ हवं होतं. आधी नमुना म्हणून दोन खुर्च्या, एक अध्यक्षांची आणि एक सदस्यांची. त्या पसंत पडल्या तर अख्ख्या इमारतीचं काम.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं मिस्त्रींना आणि मला एकदमच सांगितलं. हे काम मिळालं तर कारखाना राहील. नाही मिळालं तर गोदामवाल्याला चावी. त्याच्या आवाजात नाट्य अजिबात नव्हतं. मिस्त्रींनी मान डोलावली आणि रंधा पुसून ठेवला.

माप घ्यायला जाताना तो मला म्हणाला, “तू पण चल. बायको प्रोफेसर आहे म्हटलं की थोडा इम्प्रेशन पडतो.” इंदूरचं मराठी असंच आहे. निम्मं हिंदी, निम्मी खात्री. मी निवृत्त झाले आहे हे त्यानं तिकडे सांगितलं नाही.

अध्यक्षांच्या दालनात जायला आधी एक काचेचं दार, मग एक लाकडी दार, मग एक पडदा होता. पडद्यामागे माणूस छोटासा निघाला. अगदी नीटस, हसतमुख, पांढरा शुभ्र बंदगळा, आणि टाचेला चांगलाच जाड सोल असलेले बूट. भिंतीवर त्यांचे फोटो होते आणि एकाही फोटोत ते कोणाच्या शेजारी उभे नव्हते. एक तर एकटे, नाही तर बसलेले. मी ते पाहिलं. माझा नवरा फोटो बघत नाही, लाकूड बघतो. भिंतीच्या पट्ट्या सागाच्या नाहीत, नुसता रंग आहे, असं तो माझ्या कानात पुटपुटला.

त्यानं चौरंग जमिनीवर मांडला आणि अध्यक्षांना बूट काढायला सांगितलं. त्यांचा खरेदी व्यवस्थापक, तरुण, गळ्यात ओळखपत्र, एकदम पुढं झाला. सर बूट नहीं उतारते, असं काहीसं म्हणाला. पण अध्यक्षांना गंमत वाटत होती. ते बूट काढून चौरंगावर बसले, नवरा गुडघ्यांवर बसून फळ्या सरकवू लागला. दोनच सरकवल्या आणि थांबला. मांडीखाली दोन बोटं घालून पाहिली, टाच पाहिली, मान हलवली. मला त्याचा चेहरा दिसत होता. बऱ्याच महिन्यांनी तो खूश होता.

“पहले राजा-महाराजाओं की कुर्सी ऐसे ही बनती होगी,” अध्यक्ष म्हणाले.

“जी, ऐसे ही,” नवरा म्हणाला. राजेलोकांच्या कारखान्यात हा कधी गेला होता कोण जाणे, पण खोटं बोलतोय असं त्याला वाटलं नसणार. चांगली खुर्ची दुसऱ्या कोणत्या रीतीनं होणार?

निघताना व्यवस्थापक आम्हाला लिफ्टपर्यंत सोडायला आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “भिया, एक बात ध्यान रखना. सर की चेयर सबसे ऊँची लगनी चाहिए.” नवरा म्हणाला, काळजीच करू नका. त्यानं मनात पाठ उंच धरली. उंच खुर्ची म्हणजे उंच पाठीची खुर्ची, बैठकीची उंची तर माणसाच्या पायांनी ठरवलेली असते, ती मागून कशी मिळेल? त्याच्या डोक्यात दुसरा अर्थ येण्याला जागाच नव्हती. चौरंगावर वाढलेल्या माणसाचीच ही चूक होती.

पुढचे दिवस कारखान्यात फार छान गेले. हे लिहायला मला आवडत नाही, पण ते खरं आहे. सासऱ्यांच्या वेळचा, वर्षानुवर्षं सावलीत वाळवलेला साग माळ्यावरून उतरवला. खिळा न मारता, एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून सांधे जुळवले. पाठ इतकी उंच केली की वरच्या कमानीवर कोरीव काम करायला मिस्त्रींना स्टुलावर उभं राहावं लागे. नवरा घरी येई तेव्हा शर्टाच्या खिशात भुसा असे. मी वॉशिंग मशीन लावण्याआधी खिसे उलटे करून गॅलरीत झटकत असे आणि त्याबद्दल कुरकुरत असे. ती कुरकुर मी बरीच वर्षं केली नव्हती.

मिस्त्रींना पहिल्यांदा शंका आली. दोन्ही खुर्च्या शेजारी शेजारी ठेवल्यावर ते चहाचा ग्लास हातात धरून बराच वेळ बघत राहिले. सदस्यांची खुर्ची नेहमीच्या मापाची. अध्यक्षांची पाठ तिच्याहून हातभर उंच आणि बैठक तिच्याहून चांगली चार बोटं खाली. ते म्हणाले, “भिया, साहब इसमें बच्चे जैसे दिखेंगे.”

मीही तेच म्हटलं. अहो, तो माणूस फोटोतसुद्धा कोणाशेजारी उभा राहत नाही. बैठक वर घ्या. नवऱ्यानं आमच्या दोघांकडे असं पाहिलं की जणू आम्ही त्याला वजनात काटा मारायला सांगत होतो.

“पाय लोंबकळतील ना त्याचे,” तो म्हणाला. “दोन-दोन तास मीटिंगा चालतात. मुंग्या येतील. कमर जाईल. माप घेतलंय मी त्याचं.”

माप घेतलंय म्हणजे शब्द दिलाय, असा त्याचा सूर होता.

खुर्च्या दाखवायच्या दिवशी सभागृहात पूजेचं ताट होतं, नारळ होता आणि एक फोटोग्राफर होता. खुर्चीला झेंडूचा हार घातला होता. माणसाआधी खुर्चीला हार घालण्याची पद्धत मला प्रामाणिक वाटली. सदस्य भिंतीशी उभे होते. अध्यक्ष आले, नारळ फुटला, टाळ्या झाल्या आणि ते बसले. त्यांचे मेहुणे, जे उपाध्यक्ष होते आणि चांगले उंच होते, त्यांना शेजारच्या नमुन्याच्या खुर्चीत बसायला सांगितलं.

बसल्याबरोबर अध्यक्षांनी एक गोष्ट केली. त्यांनी दोन्ही पाय जमिनीवर नीट ठेवले, पाठ टेकली आणि क्षणभर डोळे मिटले. आयुष्यभर उंच खुर्च्यांच्या कडेवर बसत आलेल्या माणसाला पहिल्यांदा खुर्चीनं धरलं होतं. त्यांच्या खांद्यांत ते दिसलं. नवऱ्यानंही पाहिलं. माझ्या मते त्याच्या धंद्यातली सगळ्यात मोठी शाबासकी त्याला त्या क्षणात मिळून गेली. पुढं जे झालं त्यात ती कुठंच मोजली गेली नाही.

फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. पुन्हा लावला. समोरून टेबल अध्यक्षांच्या छातीपर्यंत येत होतं आणि त्यांच्या डोक्यावर सागवानी कमान, वेलबुट्ट्या, झेंडू, असा बराच मोकळा मुलूख होता. शेजारी मेहुणे खांदाभर वर. “सर, थोड़ा सा ऊपर,” फोटोग्राफर म्हणाला. सर वर होऊ शकत नव्हते. भिंतीशी कोणीतरी खोकलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

व्यवस्थापक घाईघाईनं माझ्या नवऱ्याकडे वळला. “इसमें ऊपर करने का सिस्टम नहीं है क्या?”

आणि माझ्या नवऱ्यानं, अगदी नम्रपणे, सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात, गिऱ्हाइकाला माहिती द्यावी तसं सांगितलं, “ऊपर नहीं होगी. साहब के पाँव का नाप इतना ही है.”

मी विद्यार्थ्यांना शिकवत आले होते, की सत्तेसमोर सत्य बोलायला धैर्य लागतं. तसं काही लागत नाही. सत्य बोलतोय हे आपल्या लक्षात यायला नको, एवढंच लागतं.

अध्यक्ष उठले. रागावले नाहीत. बहुत बढ़िया कारीगरी है, म्हणाले, आणि आम्हाला चहा द्यायला सांगून, पडद्यामागच्या दालनातून आपली नेहमीची काळी, चाकांची खुर्ची मागवली. ती ढकलत आणली गेली. ते बसले, खालचा दट्ट्या दाबला गेला, आणि ते हळूहळू, सुस्कारा टाकल्यासारख्या आवाजात, मेहुण्यांच्या वर गेले. फोटो निघाला. टेबलामागे त्यांचे पाय जमिनीपासून सुटले होते, पण ते फोटोत येणार नव्हतं. आम्ही बाजूला चहाचे कप धरून उभे होतो, आम्हाला तेवढेच दिसत होते. बूट एकमेकांवर ठेवून ते पाय जरा हलवत होते, बाकावर बसलेल्या मुलासारखे.

चहा संपल्यावर नवऱ्यानं जे केलं त्याची मला अपेक्षा नव्हती. तो जिन्याशी व्यवस्थापकाला गाठून म्हणाला, की दुसरी करून देतो. बैठक पाहिजे तेवढी उंच. तुम्ही सांगाल तेवढी. पाय टेकण्याचं राहू द्या. इतकी वर्षं वडिलांच्या त्या करवतीला हात न लावलेला माणूस हे म्हणत होता आणि मला ऐकू येणार नाही अशा बेतानं म्हणत होता. मला ऐकू आलं. व्यवस्थापकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “भिया, अब रहने दो. अब आपका नाम भी नहीं ले सकते उनके सामने.” म्हणजे नवऱ्यानं जे काही आयुष्यभर सांभाळलं होतं ते शेवटी विकायला काढलं, आणि गिऱ्हाईक नव्हतं.

परत येताना खुर्च्या लोडिंग रिक्षात, मिस्त्री त्यांना धरून मागे, आम्ही स्कूटरवर त्यांच्या पाठोपाठ. सिग्नलला रिक्षा थांबली की ती उंच पाठ हारासकट चौकात झळके आणि लोक वळून बघत, मिरवणूक कोणाची आहे म्हणून. कारखान्यात खुर्च्या उतरवल्यावर मिस्त्रींनी हार काढला, घडी घालावी तसा गोळा केला आणि म्हणाले, “बाबूजी होते तो कुर्सी ऊँची बनाते, और पाँव के नीचे पाटा दे देते.”

बाबूजी म्हणजे माझे सासरे. टेबलाखाली एक लाकडी पाट. कोणाला दिसला नसता, पाय टेकले असते, फोटो आला असता. इतकं सोपं होतं. नवऱ्यानं चौरंग पुसला आणि फळ्या एकावर एक रचून ठेवल्या.

चावी त्यानं दिली. म्हटल्याप्रमाणे. यंत्रं भंगारवाल्यानं नेली, ती नेताना त्यांचा आवाज यंत्रांसारखा नव्हता, नुसत्या लोखंडाचा होता. माळ्यावर उरलेला साग एका फार्महाऊसवाल्यानं घेतला. त्याला त्याचा बार करायचा होता. मिस्त्री आता मॉड्युलर किचन बसवतात. कंपनीनं त्यांना बॅटरीवरचं स्क्रू पिळायचं यंत्र आणि मागे नाव छापलेला टी-शर्ट दिला आहे. दिवाळीला फराळाला आले तेव्हा नवऱ्यानं त्यांना काम कसं आहे विचारलं. काम काय, ते म्हणाले, स्क्रूचे पेच कसायचे. मग दोघंही चिवड्याकडे बघत बसले. शेडमधून आता दिवसभर खोकी बाहेर पडतात. त्यांतल्या काहींवर खुर्चीचं चित्र असतं. घरी नेऊन स्वतः जोडायची खुर्ची. हे मला नवऱ्यानं सांगितलं नाही. त्या रस्त्यानं जाणं त्यानं सोडलं आहे. मी जाऊन पाहिलं.

त्याच्या खिशांत आता काही नसतं. मी अजून ते उलटे करून बघते.

सदस्यांची खुर्ची कोणीतरी घेऊन गेलं. अध्यक्षांची कोणी घेईना. पूजेची आहे का, असं एकानं विचारलं. शेवटी ती घरी आली. पुढच्या खोलीत मावत नाही. कमान पंख्याच्या बटनांना टेकते, दिवा लावायचा तर तिच्यामागे हात घालावा लागतो. नवरा उंच आहे. एकदा बसला तर गुडघे पोटाशी आले. उठला आणि नंतर तिच्यात बसला नाही. पाहुणे बसतात, अवघडतात, दुसरीकडे सरकतात. तिच्यावर वर्तमानपत्रं साठू लागली.

एका दुपारी नवरा बँकेत गेला होता. मी रद्दी काढली, आणि चपलेचा पट्टा लावायला म्हणून तिच्यात बसले. माझी उंची मला कधी विशेष वाटली नाही, फळ्यावर वरच्या ओळीत लिहिता येत नसे एवढंच. पण आमच्या घरातल्या सगळ्या खुर्च्या कारखान्यातल्या, नेहमीच्या मापाच्या. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्यात बसते आहे, चवड्यांवर जोर देऊन, कडेला सरकून. सगळ्याच खुर्च्या अशा असतात, अशी माझी समजूत होती. या खुर्चीत माझ्या टाचा टेकल्या. दोन्ही, पूर्ण. पाठ मागे गेली आणि तिथं लाकूड होतं, जिथं असायला हवं होतं तिथंच. मी उठले नाही. उठावंसं वाटेना.

तो दारात कधी आला मला कळलं नाही. त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. पायांवर होती.

“टाच टेकते?” त्यानं विचारलं.

“टेकते.”

तो जवळ आला. गुडघे दुखतात, तरी खाली बसला. गिऱ्हाइकाच्या बाबतीत करायचा तसंच, माझ्या मांडीखाली दोन बोटं सरकवून पाहिली. सहज सरकली. मग माझी टाच एका बोटानं दाबून पाहिली.

“बरोबर होती,” तो म्हणाला.

मग तो खुर्चीचा हात धरून उठला, आत गेला आणि टीव्ही लावला. बातम्यांचा आवाज बराच वेळ मोठा होता.

आता तो सकाळी फिरायला गेला की मी तिच्यात बसून चहा पिते. जिन्यात पावलं वाजली की उठते आणि वर्तमानपत्रं पुन्हा तिच्यावर ठेवते.